मार्कापासून सुरुवात कर

शरणपूर, नाशिक

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. पाळकसाहेबांनी नवख्यांचा बायबलवाचनाचा वर्ग तुझ्याच गळ्यात मारला, हे वाचून हसू आवरेना. पण चार शुभवर्तमानांपैकी, म्हणजे येशूच्या चार चरित्रांपैकी, कुठून सुरुवात करू, हे वेळेवर विचारलंस, बरं झालं.

मत्तय घेऊ नकोस. नव्या करारात तो पहिला छापलेला, म्हणून सगळे तिथे जातात आणि अब्राहामापासूनच्या वंशावळीतच पेंगायला लागतात. योहान सुंदर आहे, पण सावकाश. तू मार्क घे. सोळाच अध्याय, चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते सर्वांत आधीचं, इ.स. ७०च्या आसपासचं. यात येशूच्या जन्माचा गोठा नाही, तारा पाहून आलेले मागी नाहीत. बाप्तिस्मा, अरण्य, कोळ्यांना हाक, शिष्य पेत्राच्या सासूचा ताप, सगळं पहिल्याच अध्यायात उरकतं.

पहिल्या बैठकीला शिकवू नकोस. आळीपाळीने मोठ्याने वाचा. दोनेक तासांत अख्खं होतं. आमच्या वर्गात निम्मे लोक चर्चबाहेरचे. घरी पोथीचं पारायण ऐकत वाढलेले, त्यामुळे सलग ऐकायला ते आपल्यापेक्षा तयार. आपली मंडळी रविवारी तुकडेच ऐकतात आणि ‘माहीत आहे पुढचं’ असा चेहरा करून बसतात. (वर्गाची खरी गरज कोणाला, ते भेटल्यावर बोलू.)

मग थेट पाचवा अध्याय काढ. यहुदी सभास्थानाचा अधिकारी याईर येशूच्या पाया पडतो, लेक मरायला टेकलीय. येशू निघतो. वाटेत गर्दीत बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली, वैद्यांपायी होतं नव्हतं ते घालवलेली बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. ती बरी होते, तरी तो थांबतो आणि ‘कोण शिवलं?’ विचारत बसतो. तेवढ्यात याईराच्या घरून निरोप येतो, मुलगी गेली.

इथे पुस्तक मिटायला लाव आणि विचार, याईराला काय वाटलं असेल? आमच्याकडे सिव्हिलमध्ये नोकरी करणारी एक सिस्टर फटकन म्हणाली, “तो त्या बाईवर ओरडला कसा नाही?” एका गोष्टीच्या पोटात दुसरी घालायची मार्काची खोड, अकराव्या अध्यायात अंजिराच्या झाडाच्या गोष्टीत घातलेली मंदिराची गोष्ट, हे सगळं मी सांगणार होतो. सांगितलं नाही. अर्धा तास लोक आपापसांतच बोलले. मुलीचं वयही बाराच, हे एका कॉलेजच्या पोराने हेरलं. आणि मेलेल्या त्या मुलीला उठवल्यावर येशू काय सांगतो? ‘हिला काहीतरी खायला द्या.’ हे वाक्य घाईत निसटू देऊ नकोस.

तेरावा अध्याय, तो शेवटच्या काळाचा, नवख्यांना नको. उगाच बातम्यांशी ताळे लावत बसतील.

सोळाव्याला मात्र अंग चोरू नकोस. जुन्या हस्तलिखितांपैकी सिनाय आणि व्हॅटिकन या दोन महत्त्वाच्या प्रती आठव्या वचनाशी थांबतात: बाया कबरेपासून पळाल्या, भ्यायल्यामुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. पुढची बारा वचनं नंतर जोडलेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात; त्यांबद्दल तळटीप असेल तर कोणीतरी विचारणारच. सरळ सांगून टाक. लपवलंस आणि त्यांना ते मोबाइलवर सापडलं, तर आधी वाचलेल्यावरचाही विश्वास उडेल.

बाकी समक्षच. शनिवारी संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने ये, रविवारी वर्गात मागे बस. वहिनींना सलाम सांग, आणि येताना तुझ्याकडचं जुनं गीतपुस्तक आण. आमच्या पेटीवाल्याला हवंय.

तुझाच