टर्बो बदलायच्या आधी एक्झॉस्ट लीक शोध

प्रिय शिरीष,
सप्रेम नमस्कार.

सकाळी सुरू करताना टकटक, गाडी तापली की आवाज गायब आणि टर्बो उशिरा धरतो, ही तुझ्या ऑक्टाव्हिया १.८ टर्बोची लक्षणं वाचली. एवढ्यावरून टर्बो बदलू देऊ नकोस. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा भाग. त्याच्याजवळ बारीकशी फट असली तरी हे सगळं होतं. टर्बो फिरवायचा तो धूर बाहेरच निसटला, तर टर्बोचं चाक (टर्बाइन) जोर धरणार कुठून?

मॅनिफोल्ड बिडाचं आणि ते जिथे बसतं ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. गार असताना फट उघडी राहते आणि बीड तापून प्रसरण पावलं की मिटते. म्हणून तपासणी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवरच कर. व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटचाही असा आवाज येतो, पण तो ऑइलचं प्रेशर आल्यावर लवकरच थांबतो. लीकची टकटक काही मिनिटं टिकते आणि ॲक्सिलरेटर दिला की वाढते. रबरी नळीचं एक टोक कानाशी धर आणि दुसरं जोडांजवळून फिरव. मग इंजिन चालू असतानाच एकेका इंजेक्टरचा (पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा) विजेचा कनेक्टर क्षणभर काढून बघ. ज्या सिलिंडरचा कनेक्टर काढल्यावर आवाज कमी होतो, लीक त्याच पोर्टपाशी (धूर बाहेर पडण्याच्या तोंडापाशी) आहे. ठिणगी देणारी इग्निशन कॉइल काढून हा प्रयोग करू नकोस, न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं.

जागा नेमकी हवी असेल तर इंजिन बंद ठेव. व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू सायलेन्सरच्या टोकाला कापड गुंडाळून लाव आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवार. फेस कुठे येतो ते टॉर्च आणि छोट्या आरशाने बघ, कारण या गाडीत एक्झॉस्टची बाजू फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडे) आहे. काजळीचा काळा डागही तिथेच सापडेल. एक्झॉस्ट फायरवॉलकडे असल्याने हा धूर केबिनच्या हवेत ओढला जाऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नकोस.

स्कॅनर असेल तर फ्युएल ट्रिम बघ, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल किती वाढवतो-कमी करतो तो आकडा. टर्बोनंतरच्या पाइपात पहिला ऑक्सिजन सेन्सर आहे. त्याच्या आधी फट असेल तर धुराच्या दोन धक्क्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. टर्बोकडून इंजिनात हवा नेणारा पाइप फुटला असेल तर चित्र उलटं: मोजलेली हवा निसटते, जोर देताना मिश्रण जाड होतं आणि काळा धूर येतो.

खोलताना सगळ्यात जास्त छळतात ते मॅनिफोल्डचे एम ८ स्टड (हेडमध्ये बसवलेले बिनडोक्याचे, ८ मिमीचे बोल्ट). आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मार. नट थोडा सैल, थोडा घट्ट असा हलवत काढ. एका दमात पाना ओढलास तर स्टड तुटणारच. तुटलेलं टोक बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करून घे, त्या उष्णतेनेच स्टड सुटतो. आतच तुटला तर ड्रिल बरोबर मध्यभागी आणि सरळ गेलं पाहिजे, नाहीतर ॲल्युमिनियममधले आटे जातात आणि हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग) बसवावी लागते. हे काम चांगल्या मशीनवाल्याकडेच दे.

मॅनिफोल्ड काढलंस की सरळ पट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) त्याची बैठक तपास. वाकलेलं असेल तर घासून घे. पोर्टांच्या मधे किंवा टर्बोच्या फ्लँजजवळ तडा असेल तर बदल. बिडाचं वेल्डिंग टर्बोच्या उष्णतेत फारसं टिकत नाही. गॅस्केटला सिलिकॉन अजिबात लावू नकोस. तिथल्या तापमानात ते जळतं आणि त्याचे तुकडे थेट टर्बाइनमध्ये जातात. स्टीलचं नवं गॅस्केट कोरडंच बसव, स्टड आणि तांब्याचा मुलामा असलेले नटही नवे घे. मधल्या नटापासून बाहेर जात दोन-तीन फेऱ्यांत २५ न्यूटन मीटरपर्यंत आवळ. ऑइल आणि कूलंटच्या पाइपांचे वॉशर नवे घाल, आणि पहिल्या स्टार्टआधी टर्बोत ऑइल भर.

बिघाड कशामुळे झाला हे शोधल्याशिवाय गाडी परत घेऊ नकोस. टर्बोला इंजिन ब्लॉकशी जोडणारा आधाराचा ब्रॅकेट बरेच मेकॅनिक काढून परत लावतच नाहीत. मग सगळं वजन मॅनिफोल्डवर लटकतं आणि नवं मॅनिफोल्डही तडकतं. खालचं इंजिन माउंटिंग सैल असेल तर इंजिन मागेपुढे डोलतं आणि टर्बोखालच्या पाइपाचा जाळीचा लवचिक भाग फाटतो. दोन्ही स्वतः वाकून बघ, आणि पहिल्या तापण्यानंतर गाडी पूर्ण गार करून साबणाची तपासणी पुन्हा कर. फेस आला तर कुठल्या जोडावर आला ते कळव, फोटो पाठव.

तुझा,
मंदार