इराचा क्लास बंद केला, त्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवरच सांगणार होते. दोनदा तोंडापर्यंत आलं आणि दोन्ही वेळा तुमच्या बीपीच्या गोळ्यांचं विचारून फोन ठेवला. म्हणून लिहिते आहे.

बाबा, इराला शिष्यवृत्तीच्या क्लासमधून काढलं. एक तारखेपासून ती जात नाही. तुम्ही पाठवलेल्या फीपैकी जेवढी परत मिळाली तेवढी तुमच्या खात्यात भरली आहे, उरलेली मी भरणार आहे आणि त्यावर वाद नको. तुम्हाला वाईट वाटणार, ठाऊक आहे. त्याच परीक्षेसाठी पहाटे साडेचारला उठून तुम्ही माझ्याकडून गणितं करून घेत होतात. थंडीत माझ्या पायांवर तुमची शाल असायची. ते मी कधी विसरणार नाही. पण बाबा, पहाट गणिताची असली तरी संध्याकाळ माझी होती. दप्तर टाकलं की दिवेलागणीपर्यंत मी वाडीत, नाहीतर सुरूच्या बनात. आई हाक मारून मारून दमायची. इराला ती संध्याकाळच नव्हती. शाळा, मग पाच ते साडेसात क्लास, मग गृहपाठ, मग पेंगत जेवण.

ऑगस्टात पावसामुळे एक दिवस क्लासला सुट्टी मिळाली. मी म्हटलं, जा खाली. दहा मिनिटांत परत आली. म्हणाली, "त्यांचे नियम मला माहीत नाहीत." रडलीसुद्धा नाही, जाऊन पुस्तक उघडून बसली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता ती रोज खाली असते. फरशीचे सात तुकडे जमवून लगोरी चालते. खेळापेक्षा भांडण जास्त, मी गॅलरीतून ऐकते. बॉल पाठीला लागला की नुसता चाटून गेला, यावर परवा पाव तास गेला. कुणी मोठं मध्ये पडलं नाही आणि शेवटी त्यांनीच ठरवलं की तो डाव पुन्हा घ्यायचा. तळमजल्यावरचा चार वर्षांचा छोटा सारखा मध्ये यायचा, त्याला इराने कच्चं लिंबू करून घेतलं. म्हणजे तो पळणार, ओरडणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. दुबळ्याला सांभाळून घेऊनही खेळ चालू ठेवता येतो, हे तिला कुठल्या क्लासात शिकवलं असतं? आणि सांगते, गणित बिघडलेलं नाही. सकाळी अर्धा तास मी बसते तिच्याजवळ. परीक्षेला बसायचं की नाही ते तिचं ती ठरवेल.

आई, तुला हे पटवायची गरजच नाही. कोसबाडच्या बालवाडीच्या ट्रेनिंगचं सांगताना तुझा आवाज अजून बदलतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं, आणि शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं, खडे, हेच साहित्य. तूही बालवाडीत चिकूच्या बियांवर मोजायला शिकवायचीस. माझा फ्रॉक तेव्हा कायम चिकाने डागाळलेला.

बाबा, तुम्हाला लेखी आधार लागतो, तोही आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्क संहिता मंजूर केली. तिच्या ३१व्या कलमात विश्रांती, फुरसत आणि वयाला साजेसा खेळ हा मुलाचा हक्क म्हटला आहे. भारताने ती १९९२मध्ये स्वीकारली, म्हणजे मी शिष्यवृत्तीला बसले त्याच साली. तुमच्यासाठी मात्र मी कलम शोधत बसणार नाही. तुम्ही खेळायला हवं, एवढंच मला दिसतं.

भाऊकाका गेल्यापासून तुम्ही कॅरमला हात लावला नाहीत. अँजिओप्लास्टीनंतर तर संध्याकाळ टीव्हीसमोरच जाते, आई मला सगळं सांगते. तिला रागावू नका. आधी साडेपाच वाजले की ओट्यावरून तुमच्या दोघांचा आवाज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचा. शाळेतले कडक गुरुजी राणी कव्हर झाली की टाळी वाजवायचे. त्या वेळचे बाबा मला सगळ्यात जास्त आवडायचे. हे मी कधी बोलले नव्हते.

तर दिवाळीच्या सुट्टीत इरा पंधरा दिवस तुमच्याकडे येते आहे. मी सोडायला येईन. तिची काळजी करू नका, सगळं खाते, फक्त दुधावरची साय काढून द्यावी लागते. पोळ्यांना मावशी दोन्ही वेळा येतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. आई, तू फक्त चिवडा कर, बाकी फराळ मी आणते. गीझरवाला शनिवारी येईल, त्याला घरात घ्या, परत पाठवू नका.

बोर्ड माळ्यावर आहे. बाबा, तुम्ही शिडीवर चढायचं नाही. शेजारचा मुलगा काढून देईल, त्याला सांगितलं आहे. खाली बसून खेळू नका, टेबलावर घ्या, गुडघ्याचा पट्टा बांधा, वर साठचा दिवा लावा. रोज एक तास पुरे. छातीत जरा जरी वेगळं वाटलं तर सरळ टाईम प्लीज म्हणा आणि आईला हाक मारा. इराला मुद्दाम जिंकू देऊ नका, तिला लगेच कळतं.

आणि ती तुमच्या डाव्या हाताला बसेल. समोरची खुर्ची तशीच राहू दे.

आई, प्लास्टर निघाल्यापासून तुझी बोटं आखडली आहेत ना? डॉक्टरांनी दिलेला चेंडू दाबायचाच, त्यात कंटाळा नको. पण बिस्किटाच्या जुन्या डब्यात सागरगोटे आहेत, तेही काढ. पाच जमत नसतील तर तीन घे. वर उडवलेला झेलता नाही आला तरी चालेल. तू आणि इरा बसा दुपारी पंख्याखाली. ती हरली की फुरंगटते, अगदी माझ्यासारखी, तेव्हा तिला जवळ घे.

दोघांना नमस्कार. रात्री दाराला कडी नीट लावा.

तुमची,
मनू

ता. क. बोर्ड काढल्यावर सोंगट्या मोजाल तेव्हा राणी सापडणार नाही. भाऊकाकांच्या तेराव्यानंतर बाबा म्हणाले होते, बोर्ड कुणाला तरी देऊन टाका. तेव्हा ती मीच काढून घेतली होती. देवघराच्या खालच्या खणात, वातींच्या डबीत आहे.