कडेवरची घमेली

प्रिय चिऊ,

काल उत्खननावरून पाठवलेला तुझा फोटो मी मोठा करून पाच-सहा वेळा पाहिला. दादाने तो आधी आजीला दाखवला. "किती काळवंडली गं," एवढंच ती म्हणाली आणि बराच वेळ फोन हातातच धरून बसली. माझी नजर मात्र तुझ्या चेहऱ्याआधी मागच्या भिंतीवर गेली. ओळंबा सोडल्यासारखी सरळ. कुठे पोट आलेलं नाही, कोपऱ्यात गोलाई नाही. दुसऱ्याच आठवड्यात असा सेक्शन, म्हणजे थर दिसतील अशी उभी कापलेली भिंत, काढणं सोपं नसतं. नव्या मुलांच्या भिंती खाली जाता जाता आत सरकतात आणि चार मीटरचा ट्रेंच, म्हणजे खणायचा चौकोन, तळाशी साडेतीनचा होऊन बसतो. हे कौतुक आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या मजकुरात ते राहून जाईल.

मग वरची कड दिसली. तीन भरलेली घमेली, एक कुदळ आणि त्यांच्यामागे जेमतेम हातभर अंतरावर मातीचा ढीग. रेंजिंग रॉडचे, म्हणजे मापाच्या काठीचे, पट्टे मोजले. वीस सेंटिमीटरचा एक, असे आठ. म्हणजे खोली एक मीटर साठ. तू भिंतीला पाठ टेकून उकिडवी बसलेली, आणि शिडी फोटोत कुठेच नाही.

रात्री फोनवर हेच सांगत होते तर तू म्हणालीस, "आई, सगळेच बसतात," आणि फोन ठेवलास. म्हणून लिहिते आहे. लिहिलेलं मध्येच तोडता येत नाही.

एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते. भिंतीतून मीटरभर लांबीचा, अर्ध्या मीटर जाडीचा एक कपचा सुटला तरी तो माणसापेक्षा कितीतरी जड. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस श्वास सोडतो तेवढी छाती आत जाते, ती जागा माती लगेच भरून टाकते आणि पुढचा श्वास घ्यायला जागाच उरत नाही. हे व्हायला डोकं मातीखाली जावं लागत नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी 1.2 मीटरची मर्यादा पाळतात, काही देशांचा कायदा दीड मीटरला आधार देणं सक्तीचं करतो. तुझा ट्रेंच दोन्हींच्या पलीकडे गेला आहे.

सरळ भिंत ही पद्धतीचीच मागणी आहे, हे मला कळतं. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी 1944 मध्ये तक्षशिलेला विद्यार्थ्यांचं प्रशिक्षण घेतलं. चौकोन, मधला बॉक (दोन चौकोनांमध्ये न खणता सोडलेली मातीची पट्टी) आणि उभी कापलेली स्वच्छ भिंत ही त्यांचीच शिकवण, आणि ती कित्येक पिढ्यांच्या हातात बसली आहे. भिंत तिरकी झाली तर थर वाचताना फसवतात. पण माती उभी राहायला तयार नसते, तिला स्वतःचा उतार हवा असतो. जितकी भिंत वाचायला चांगली, तितकी ती पडायला तयार. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि तिथे आल्यापासून तुला पहिलीच शिकवली जाते आहे असं मला वाटतं.

रोज सकाळी ट्रेंचमध्ये उतरायच्या आधी वरून एक फेरी मार. कडेला समांतर जाणारी बारीक भेग शोध. ती कडेलाच असते असं नाही. खोलीच्या निम्म्या ते पाऊण अंतरावर पडते, म्हणजे तुझ्या ट्रेंचला 80 सेंटिमीटर ते 1.2 मीटर मागे, बरोबर जिथे आत्ता ढीग आहे तिथे. ढिगाखाली झाकली गेलेली भेग कुणालाच दिसत नाही. म्हणून ढीग कडेपासून निदान एक मीटर लांब हवा, आणि खोल गेल्यावर त्याहून लांब. भेग दिसली की दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून मधलं अंतर मोज आणि वहीत लिही. दुपारी पुन्हा मोज. मिलिमीटरने जरी वाढलं असलं तरी आत कुणी उतरायचं नाही.

पाऊस पडून गेल्यावर तर अजिबातच नको. ओल्या मातीचं वजन वाढतं आणि तळाशी पाणी झिरपलं की भिंतीचा पायच सुटतो. चिकण माती उन्हात वाळतानाही दगा देते, उभ्या चिरा पडून चौकोनी ढेकळं सुटतात. वाळू तर सांगतच नाही.

हे सगळं तुला माहीत असेल. पहिल्याच दिवशी सांगितलं असेल. माहीत असणं आणि बाराच्या उन्हात सावली फक्त भिंतीपाशी असणं, यात फरक पडतो गं.

बरं, तू विचारलेल्या प्रश्नांकडे वळते. तुमच्या गटात मातीच्या रंगावरून वाद झाला ना? मन्सेल या रंगांच्या तक्त्यावरून एकाने 10 वायआर 4/3 लिहिलं, दुसऱ्याने 10 वायआर 6/3. दोघांचंही बरोबर असू शकतं. एकाने ओल्या मातीवर वाचलं असेल, दुसऱ्याने वाळलेल्यावर. माती वाळली की मधला आकडा एक-दोनने वर जातो, म्हणजे रंग उजळतो. ताजं ढेकूळ फोडा, फवाऱ्याने ओलसर करा (चकाकेल इतका नाही), उघड्या उजेडात मन्सेल तक्त्याच्या छिद्रामागे धरा, रंगीत गॉगल काढून ठेवा. सकाळी लवकर आणि संध्याकाळच्या तांबूस उजेडात वाचूच नका. आणि एका ट्रेंचचे सगळे रंग शक्यतो एकाच माणसाने वाचावेत. "ओली" किंवा "कोरडी" हा शब्द कॉन्टेक्स्ट शीटवर (एकेका थराच्या किंवा खड्ड्याच्या नोंदीच्या कागदावर) नसेल तर तो आकडा पुढे कुणाच्याही कामाचा नाही.

जुन्या काळी कुणी खणलेला खड्डा आणि त्याभोवतीचा थर एकत्र खणला गेला म्हणून रडू येत होतं म्हणालीस. सगळ्यांकडून एकदा तरी होतंच. झालं ते शीटवर स्पष्ट लिही, पिशवीवर दोन्ही कॉन्टेक्स्टचे नंबर टाक आणि "मिसळलेलं" अशी नोंद कर. लपवलेली चूकच नंतर महागात पडते. पुढच्या वेळी डाग दिसला की आधी आजूबाजूचा सगळा तळ ट्रॉवेलने, म्हणजे छोट्या थापीने, खरवडून घे. ट्रॉवेल टोकाने नाही, धारेने, स्वतःकडे ओढत, आणि मागे मागे सरकत, म्हणजे स्वच्छ केलेल्यावर गुडघा पडत नाही. खड्ड्याची कड रंगापेक्षा आधी हाताला कळते. आतली माती भुसभुशीत असते, बाहेरची दाबलेली, ट्रॉवेलचा आवाज बदलतो. कड नक्की झाली की मधोमध सुतळी ताण, एकच अर्ध काढ, उभा छेद फोटोत आणि 1:10 च्या आलेखात घे, मगच दुसरं अर्ध. आतल्या भरावाला एक नंबर आणि खड्ड्याच्या कापाला वेगळा. काप म्हणजे वस्तू नाही, घटना आहे. पण पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिस यांनी 1973 मध्ये मॅट्रिक्सची, म्हणजे काय आधी आणि काय नंतर घडलं ते दाखवणाऱ्या तक्त्याची, कल्पना मांडली तीत घटनेलाही वस्तूइतकाच मान आहे. म्हणून आधी भराव काढायचा आणि नंतर खड्डा ज्यांत कापला गेला ते थर. जे शेवटी घडलं ते आधी निघतं.

आणि खड्डा जिथे पहिल्यांदा दिसला तिथूनच तो कापला गेला असेल असं धरू नकोस. त्याचं तोंड कधीकधी वरच्या दोन थरांत हरवलेलं असतं. सेक्शनमध्ये शोध, तिथे सापडेल.

हे लिहिता लिहिता फोटो पुन्हा उघडला. तुझ्या डाव्या खांद्यामागे, कडेपासून साधारण चाळीस सेंटिमीटर खाली, भिंतीत काळसर, कढईच्या आकाराचा डाग आहे. तो खड्डाच असणार. म्हणजे त्या भिंतीचा एवढा भाग मुळात दाबलेलाच नाही, सैल भराव आहे. भिंत सुटते ती अशाच जागेपासून. तू नेमकी त्याच्याखाली टेकून बसली आहेस. तो आलेखात घे, मॅट्रिक्समध्ये जागा दे, आणि त्याच्याखालून ऊठ.

कोळशाचं राहिलं. त्यातल्या कार्बनवरून काळ ठरवतात, म्हणून बोटाने उचलायचा नाही. स्वच्छ केलेल्या ट्रॉवेलच्या टोकाने किंवा चिमट्याने थेट ॲल्युमिनियम फॉइलमध्ये, वरून पिशवी. कागदात किंवा कापसात नको, त्यांचे तंतू म्हणजे आजचा कार्बन. कॉन्टेक्स्ट नंबर, तीनही मोजमापं, तारीख, तुझी आद्याक्षरं, चिठ्ठी आत एक आणि पिशवीवर एक. मोठ्या वाशाचा तुकडा बघून हुरळू नकोस. झाडाचा गाभा तोडणीच्या कितीतरी आधी मेलेला असतो, त्यामुळे तारीख जुनी येते. एखादा जळका दाणा किंवा बारीक काटकी सापडली तर ती सोन्यासारखी, तिचं आयुष्य एका-दोन हंगामांचं. त्यासाठीच चुलीची आणि खड्ड्याची माती फ्लोटेशनला, म्हणजे पाण्यात ढवळून तरंगणारे जळके कण वेगळे करायला, पाठवतात. एका कॉन्टेक्स्टची चाळीस लिटर, म्हणजे दहा लिटरच्या चार बादल्या, कमी असेल तर असेल तेवढी सगळी. खापरं ओली असतील तर पिशवीचं तोंड बंद करू नका, आत घाम सुटून चिठ्ठी कुजते, आणि चिठ्ठी गेली की खापर मुकं होतं.

लहानपणी तुझ्या खिशात नेहमी खडे असायचे. धुवायला कपडे काढले की बाबा आधी तुझे खिसे उलटे करायचा. प्रत्येक खडा कुठे सापडला ते तुला आठवायचं. "हा जिन्याखालचा, हा आजोबांच्या खिडकीखालचा." एकदा बाबाने सगळे एका डब्यात ओतले तर संध्याकाळभर हुंदके देत होतीस, खडे होते तरी. ते एकत्र झाले म्हणून. तू काय होणार हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. आणि तो जिना! पायऱ्या असताना तू कठड्यावरून उडी मारायचीस. हनुवटीवरची खूण त्याचीच. म्हणून शिडी दिसली नाही की मला बरं वाटत नाही.

शिडी पाहिजेच, चिऊ. कडेवर हात टेकून वर चढायचं आणि उडी मारून उतरायचं, याने कड झिजते. आधी मोजमापं बिघडतात, कारण कुणीतरी "कडेपासून खाली इतके" असं लिहून ठेवलेलं असतं आणि कडच खाली गेलेली असते. खोली नेहमी लेव्हलवरूनच, म्हणजे उंची मोजायच्या यंत्रावरूनच, घ्या. बेंचमार्क, म्हणजे उंची ठरवून दिलेली पक्की खूण, 100.00, त्यावर पट्टी 1.42 वाचली तर यंत्राची उंची 101.42, ट्रेंचमध्ये पट्टी 2.17 दिसली तर ती जागा 99.25. कड राहो वा जावो, आकडा तोच. पण झिजलेली कड एक दिवस तिथे हात टेकणाऱ्यालाच घेऊन खाली येते. दोन ट्रेंचमधला बॉक तर दोन्हीकडून उघडा पडलेला, मीटरभर जाडीचा. त्यावरून भरलेली घमेली घेऊन ये-जा करू देऊ नका.

आता पायरीचं. 1.2 मीटरला थांबून चारी बाजूंनी तेवढीच आत पायरी सोडायची, मग पुढे खणायचं. तुमच्या चार मीटरच्या चौकोनात तळाशी जेमतेम 1.6 मीटरचा तुकडा उरेल, आणि सगळ्यांचा विरोध तिथेच असेल. खरं तर खोल जायचं हे आधी माहीत असेल तर वरचा चौकोनच मोठा आखतात. सेक्शन तुटतो ही तक्रार खरी नाही. वरचा तुकडा आणि खालचा तुकडा एकाच लेव्हलच्या सुतळीवरून काढले की आलेखात जुळतात. जागाच नसेल तर फळ्या आणि आडवे टेकू. ते बसवायचं काम माहीतगार माणसाचं, विद्यार्थ्यांनी करायचं नाही.

सुपरवायझरांना विचारायला तुला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. "मला भीती वाटते" असं म्हणू नकोस, हसतील. "सर, कडेमागे भेग आहे का बघू या, आणि ढीग मागे घेऊ या," एवढंच म्हण. हे कामाचं बोलणं आहे, कुणी हसत नाही. आणि देव न करो, कुणी गाडलं गेलं तर उडी मारून आत जाऊ नकोस. पहिल्यामागून दुसरा कपचा येतो, वाचवायला गेलेलेच सापडतात. सगळ्यांना मागे घे, मदत बोलाव, मग काय ते.

फारच लांबलं. तू फोन का ठेवलास ते आता कळतं मला. मी काम शिकवत नाही, भीती शिकवते असं तू त्या दिवशी निघताना म्हणालीस, आणि मी रागावून दार लावलं. ते तसं नको होतं. बॅग भरताना तुझी ट्रॉवेल मीच तेल लावून वरच्या कप्प्यात ठेवली होती, मिळाली का? धार एका बाजूने झिजू लागली असेल तर अजून छान.

आजीची तब्येत ठीक आहे. ते औषध बदललं, आता झोपते. बाबा काही विचारत नाही, पण तुझा फोटो त्याने बैठकीतल्या कॅलेंडरला लावला आहे, आणि कडेचा भाग कापून टाकला आहे.

पुढचा फोटो पाठवशील तेव्हा तू नसलीस तरी चालेल. वरून घे. कड, ढीग आणि शिडी तिन्ही दिसू देत.

तुझी,
आई