खुर्ची भाड्याने घेणाऱ्याला दर ठरवू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुसऱ्याच्या सलूनमध्ये खुर्ची भाड्याने घेऊन स्वतंत्रपणे काम करण्याची पद्धत केशकर्तनाच्या व्यवसायात चांगलीच रुळली आहे. स्वतःचे दुकान थाटण्याइतके भांडवल नाही, पण हातात कसब आहे आणि आपली अशी गिऱ्हाइके आहेत, अशा कारागिराची त्यामुळे मोठी सोय होते. रिकामी खुर्ची भाडे मिळवून देत असल्याने सलूनमालकालाही ती फायद्याचीच ठरते. मात्र भाडे किती, अनामत किती, कामाचे दिवस कोणते, किल्ली कोणाकडे राहणार इथपर्यंत सगळे बोलून घेणारे दोन्ही पक्ष एका गोष्टीवर बहुतेकदा गप्प राहतात, आणि ती म्हणजे त्या खुर्चीवर होणाऱ्या कामाचा दर कोणी ठरवायचा. मी स्वतः अशी खुर्ची घेऊन काम करते आणि माझ्यासारख्या अनेकींशी या विषयावर बोलत आले आहे. माझे म्हणणे असे की भाडे जो भरतो, दरही त्यानेच ठरवायला हवा. आणि तो ठरवताना त्याने मालकाच्या दरपत्रकावरून उतरवून न घेता स्वतःच्या हिशेबाची वही उघडायला हवी.

टक्केवारीवर काम करणारा आणि भाड्याने खुर्ची घेणारा, या दोघांच्या स्थितीत मूलभूत फरक आहे. टक्केवारीच्या पद्धतीत गिऱ्हाईक सलूनचे असते, रंग आणि शाम्पू सलूनचा असतो, पैसे सलूनच्या गल्ल्यात जमा होतात आणि त्यातला ठरलेला वाटा कारागिराला मिळतो. तिथे दर मालकाने ठरवणे रास्तच आहे. भाड्याच्या पद्धतीत मात्र गिऱ्हाईक येवो न येवो, ठरल्या तारखेला भाडे मोजावेच लागते, सामान स्वतःचे आणावे लागते आणि दिवस रिकामा गेला तर त्याची झळ एकट्या कारागिराला सोसावी लागते. तोट्याची सगळी जोखीम एकाने घ्यायची आणि दराचा निर्णय दुसऱ्याने करायचा, ही वाटणी न्यायाची नाही. तरीही अनेक मालक भाडे तर घेतातच, शिवाय आमच्या रेटकार्डापेक्षा कमी घ्यायचे नाही आणि जास्तही घ्यायचे नाही, अशी अट तोंडी घालून ठेवतात. असे झाले की तो कारागीर ना धड नोकरदार राहतो, ना धड स्वतंत्र व्यावसायिक. हमीचा पगार आणि आजारपणाची रजा त्याला मिळत नाही, आणि धंद्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णयही त्याच्या हातात राहत नाही.

कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेतलेली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली कामगार कोण आणि स्वतंत्र व्यावसायिक कोण हे ठरवणारा ‘एबी ५’ हा कायदा मंजूर केला आणि १ जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. परवानाधारक केशकर्तनकारांना स्वतंत्र व्यावसायिक मानण्यासाठी त्यात ज्या अटी घातल्या गेल्या, त्यांतली पहिलीच अट अशी की त्याने आपले दर स्वतः ठरवले पाहिजेत, पैशांचा व्यवहार स्वतः सांभाळला पाहिजे आणि मोबदला गिऱ्हाइकाकडून थेट त्याला मिळाला पाहिजे. कामाच्या वेळा, कोणाचे काम घ्यायचे आणि अपॉइंटमेंट कशा द्यायच्या, या बाबतींतले स्वातंत्र्य त्यापुढच्या अटींत येते. ठिकठिकाणचे कायदे वेगळे असतात हे मान्य आहे, परंतु मालकांनीही यातून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. भाडेकरूवर दर लादत गेल्यास उद्या वाद उभा राहिला असता तो भाडेकरू नसून आपला कामगारच होता, असे ठरण्याची शक्यता वाढते, आणि मग कामगाराची सगळी देणीही मालकाच्या अंगावर येऊ शकतात.

मालकांची अडचण मला कळत नाही असे नाही. एकाच छताखाली शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांवर एकाच कामाचे दोन दर असतील, तर गिऱ्हाईक गोंधळते, क्वचित भांडतेही. आणि भाडेकरूने दर फार खाली आणले तर मालकाचीच गिऱ्हाइके त्या खुर्चीकडे वळतील, ही भीतीही निराधार म्हणता येणार नाही. परंतु त्यावर उपाय आहेत. खुर्ची कोणाला द्यायची हा पूर्णपणे मालकाचा हक्क आहे आणि आपल्या कामाच्या दर्जाशी व दराशी साधारण जुळणारा कारागीर निवडणे त्याच्या हातात आहे. भाडेकरूने आपल्या खुर्चीपाशी स्वतःच्या नावाचे स्वतंत्र दरपत्रक ठळकपणे लावले, गिऱ्हाइकाला बसण्यापूर्वीच दर सांगितला आणि पावती आपल्या नावाने दिली, तर गोंधळाला फारशी जागा उरत नाही. सगळ्या खुर्च्यांनी मिळून एकच दर ठरवून टाकावा, हा तोडगा सोपा वाटतो खरा, पण एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकांनी संगनमताने दर ठरवणे अनेक देशांच्या स्पर्धा कायद्यांत निषिद्ध आहे, म्हणून त्या वाटेला न गेलेले बरे.

दर ठरवण्याचा हक्क मिळाला तरी तो वापरायचा कसा, इथे मात्र आपण कारागीर मंडळी कमी पडतो. बहुतेक जण मालकाचे दर उतरवून घेतात किंवा गिऱ्हाईक यावे म्हणून त्याहून थोडे कमी लावतात. मालकाच्या दरात त्याच्या जागेचे, विजेचे, पगाराचे आणि घाऊक भावात घेतलेल्या सामानाचे गणित असते. आपले गणित निराळे आहे. ते मांडायची रीत अवघड नाही. वर्षभराचे भाडे, सामान, टॉवेलची धुलाई, कात्रीची धार, विमा, कर, नवे शिक्षण, कार्डाने पैसे घेतल्यास बँकेची कपात आणि शेवटी घरी न्यायची रक्कम, या सगळ्याची बेरीज करून तिला वर्षभरातल्या कामाच्या तासांनी भागले की आपल्या एका तासाची किंमत कळते.

गफलत होते ती तासांच्या मोजणीत. समजा, आठवड्याला ४८ तास सलून उघडे आहे. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर २,४९६ तास होतात आणि भाडे त्या सगळ्या तासांचे जाते. सुट्ट्या आणि आजारपण वजा जाता ४६ आठवडे काम झाले, तर २,२०८ तास उरतात. त्यातही सगळा वेळ खुर्चीवर गिऱ्हाईक नसते. कोणी ऐनवेळी अपॉइंटमेंट रद्द करते, कोणी उशिरा येते, दोन कामांमध्ये झाडलोट आणि हत्यारांची स्वच्छता करावी लागते. खुर्ची ६५ टक्के वेळ भरलेली राहिली असे धरले, तरी पैसे मिळवून देणारे तास जेमतेम १,४३५ भरतात. ज्याने खर्चाला २,४९६ ने भागले त्याच्या एका तासाचा दर खऱ्या गरजेपेक्षा इतका कमी निघतो की तो पावणेदोनपट करावा लागेल. दिवसभर उभे राहून पाय दुखतात, अपॉइंटमेंटची वही भरलेली असते, तरी महिनाअखेर हातात काही उरत नाही, या नेहमीच्या तक्रारीचे मूळ मला या भागाकारात दिसते.

रंगकामात तर कामागणिक एकच दर ठेवणे फार महागात पडते. रंगाची ६० ग्रॅमची ट्यूब आणि एकास दीड या प्रमाणात डेव्हलपर, म्हणजे रंग केसांवर चढण्यासाठी त्यात मिसळायचे द्रावण, घेतला की वाटीत १५० ग्रॅम मिश्रण तयार होते. नुसत्या मुळांच्या टचअपला त्यातले निम्मे पुरते, तर कमरेपर्यंतच्या दाट केसांना दोन ट्यूबही कमी पडतात, आणि दरपत्रकावर मात्र दोन्हींपुढे ‘हेअर कलर’ एवढेच लिहिलेले असते. मी वाटी काट्यावर ठेवून मिश्रण मोजते, उरलेले पुन्हा तोलते आणि कोणाच्या केसांना किती ग्रॅम लागले हे त्यांच्या नावापुढे लिहून ठेवते. असे काही महिने केले की बेसिनमध्ये किती रंग वाहून जातो ते डोळ्यांसमोर येते आणि पुढच्या खेपेला वाटी बेतानेच भरली जाते. कामाचा वेळ आणि लागलेले सामान असे दरपत्रकाचे दोन भाग केले, तर लहान केसांच्या गिऱ्हाइकावर लांब केसांच्या गिऱ्हाइकाचा भार पडत नाही, आणि हे नीट समजावून सांगितले तर बहुतेकांना पटतेही.

दर पाडून गिऱ्हाईक ओढण्याबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. शंभराच्या कामात वीस सामानाला जात असतील, तर भाड्यासाठी आणि घरासाठी ऐंशी उरतात. दर २० टक्क्यांनी कमी केला की उरतात साठ, म्हणजे पूर्वीइतकीच मिळकत राखायला एक तृतीयांश गिऱ्हाइके जास्त हवीत. तेवढे तास आणि तेवढी ताकद कोठून आणायची? उलट दर १० टक्क्यांनी वाढवला तर नव्वद उरतात आणि नऊपैकी एक गिऱ्हाईक सोडून गेले तरी मिळकत जवळपास तेवढीच राहते, शिवाय हाताला विसावा मिळतो. नव्या कारागिराने पहिल्या काही महिन्यांसाठी सवलत जाहीर करणे मी चूक मानत नाही, परंतु मूळ दर लिहून त्याखाली सवलत दाखवावी आणि ती कोणत्या तारखेला संपणार तेही सांगावे. अन्यथा सवलतीचा दर हाच खरा दर समजला जातो आणि पुढे वाढ केली की गिऱ्हाइकाला आपण फसवले गेल्यासारखे वाटते.

आता कराराविषयी. तोंडी व्यवहारात दराचा मुद्दा कसा निसटतो, याचे एक नेहमीचे उदाहरण देते. सलूनचा फोन वाजतो, काउंटरवरची मुलगी सवयीने सलूनच्या दरपत्रकावरचा आकडा सांगते आणि गिऱ्हाईक भाड्याच्या खुर्चीवर येऊन बसते. काम संपल्यावर भाडेकरू आपला दर सांगते, तेव्हा तिच्यावर जास्त पैसे उकळल्याचा ठपका येतो. आणि चारचौघांत वाद नको म्हणून ती निमूटपणे कमी पैसे घेते. यात त्या मुलीचा दोष नाही, कारण तिला कोणी काही सांगितलेलेच नसते. म्हणून दर, सवलती आणि अपॉइंटमेंट रद्द केल्याचा आकार भाडेकरू स्वतः ठरवील, पैसे थेट तिच्याकडे जमा होतील आणि तिच्या गिऱ्हाइकांचे फोन तिच्याच क्रमांकावर वळवले जातील, हे करारात स्वच्छ लिहिलेले असावे. टॉवेल, गरम पाणी आणि बेसिनचा वापर भाड्यात धरला आहे की नाही, हेही त्यातच यावे, कारण हे खर्चही शेवटी दरातच धरावे लागतात.

भाडेवाढीची पूर्वसूचना हा मुद्दा तर हमखास विसरला जातो. भाडे अचानक वाढले की कारागिराला एकतर तोटा सोसावा लागतो किंवा महिनाभर आधी अपॉइंटमेंट घेतलेल्या गिऱ्हाइकाला ऐनवेळी वाढीव दर सांगण्याची वेळ येते. भाडे वाढवायचे असल्यास किमान तीन महिने आधी लेखी कळवण्याची अट करारात असावी. केशकर्तन व्यवसायाच्या संघटनांनी ही सर्व कलमे असलेला साध्या मराठीतील नमुना करारनामा तयार करून सभासदांना उपलब्ध करून द्यावा, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
खुर्ची भाड्याने घेऊन काम करणारी एक केशकर्तन व्यावसायिक