निकष पद्धतीचा नको, प्राण्याच्या त्रासाचा हवा

महोदय,

जनुक संपादनाने, म्हणजे प्रयोगशाळेत डीएनएमध्ये नेमका बदल करून, घडवलेल्या जनावरांचा विषय निघाला की 'निसर्गात ढवळाढवळ' हा आक्षेप हमखास घेतला जातो. त्यामागची काळजी मला मान्य आहे. पण प्रयोगशाळेत एकाही जनुकाला हात न लावता, केवळ पिढ्यानपिढ्या निवडक जोड्या लावून माणसाने प्राण्यांच्या शरीरांची जी दशा केली आहे, तिच्याबद्दल तीच काळजी कुठे दिसत नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

झोपलेला पग जातीचा कुत्रा जवळून पाहावा. नाकपुड्या म्हणजे जेमतेम दोन चिरा, आणि कित्येकदा हनुवटी कशावर तरी टेकवून, मान उंचावूनच तो झोपतो, कारण मान खाली गेली की श्वास कोंडतो. त्याच्या घोरण्याचे आपण कौतुक करतो, पण ती हवेसाठी चाललेली धडपड असते. बुलडॉगची बहुतेक पिल्ले तर शस्त्रक्रियेनेच जन्माला येतात.

मांसाच्या कोंबड्यांचेही तेच. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 1957 आणि 2005 सालच्या वाणांची पिल्ले सारख्याच खाद्यावर वाढवली, तेव्हा 56 दिवसांनी जुन्या वाणाचे सरासरी वजन सुमारे 900 ग्रॅम, तर नव्याचे 4,200 ग्रॅम भरले. खाद्य एकच असल्याने हा फरक निवडीचा, आणि वाढीचा हा वेग पायांना व हृदयाला पेलत नाही.

याउलट जन्मतःच बिनशिंगी वासरे जनुक संपादनाने घडवली गेली, तेव्हा शिंगांचे कोंब तापल्या लोखंडाने डागण्याची वेदना वाचवण्याचा हेतू त्यामागे होता. अर्थात 2019 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांना त्यांतील एका वळूच्या जनुकसंचात जिवाणूचा डीएनए चुकून राहिल्याचे आढळले, म्हणून कसून तपासणी हवीच, याबद्दल दुमत नाही. मात्र 1962 साली जन्मलेल्या चीफ नावाच्या, होल्स्टीन या दुभत्या जातीच्या वळूचा एक घातक जनुकदोष साध्या कृत्रिम रेतनातून जगभर पसरला, त्यापायी लाखो गर्भ पोटातच गेले, आणि त्या दोषाचा पत्ता लागायला अनेक दशके जावी लागली. जुन्या पद्धतीवर अशा तपासणीचे बंधनच नव्हते.

म्हणून माझी विनंती अशी की नवा वाण कोणत्याही मार्गाने आलेला असो, त्याला मोकळा श्वास घेता येतो का, पूर्ण वाढल्यावर स्वतःच्या पायांवर चालता येते का आणि मादीला शस्त्रक्रियेविना विता येते का, हे पाहिल्याशिवाय त्याच्या पैदाशीला परवानगी मिळू नये. नेदरलँड्सने 2019 मध्ये फार आखूड तोंडाच्या कुत्र्यांची पैदास रोखणारे निकष लागू केले आहेत. तसेच निकष मांसाच्या कोंबड्यांना आणि दुभत्या जनावरांनाही लागू व्हावेत, आणि आपल्या वृत्तपत्राने ही मागणी लावून धरावी.

आपला,
एक नियमित वाचक