माझी यादी खोडणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,

साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव मी विचारलं नाही, तुम्हीही माझं विचारलं नाहीत. डिसेंबरातल्या त्या सोमवारी सकाळी कॉटन मार्केटजवळ पोह्यांच्या गाडीवर आपण शेजारी उभे होतो. तुम्ही स्वेटर, मफलर, कानटोपी असा जंगी बंदोबस्त करून आला होतात. आणि मी म्हणजे "सांबार नको हो, इडली कुठे घेतलीय मी" असं म्हणून अख्ख्या गाडीला हसवणारी चिपळूणची बाई. आता आठवलं असेल.

पन्नास वर्षं मराठी बोलतेय, पण कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही गाडीवरच्या जुडीतली एक काडी उचललीत, माझ्या नाकासमोर धरलीत आणि म्हणालात, "हे. ह्याले म्हणते सांबार." मग गाडीवाल्या दादांना, "ताईंना तर्री बाजूले दे रे, पहिल्यांदा आल्या दिसते." तेवढ्यासाठीसुद्धा वेगळे आभार मानायला हवेत. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं पडतं. इथे चण्याचा लालभडक रस्सा पडतो, वर कच्चा कांदा, वर लिंबू. तो रस्सा तुम्ही वाटीत ठेवायला लावला नसतात तर माझा दिवस तिथेच संपला असता.

त्या सकाळी मी वैतागलेली होते, हे तुम्हाला दिसलंच असणार. मुलीच्या परीक्षेचं केंद्र नागपुरात आलेलं, दोन्ही सत्रांत पेपर. लॉजवाल्याने महिनाभर आधी घेतलेलं बुकिंग आदल्या दिवशी फिरवलं, कारण हिवाळी अधिवेशन. विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात भरवायचं ठरवणारा नागपूर करार १९५३ सालचा, अधिवेशन दरवर्षीचं, तरी मला त्याची आठवण झाली नाही ही चूक माझीच. शेवटी मैत्रिणीच्या नणंदेकडे मनीषनगरला उतरलो. मुलगी सकाळी केंद्रावर गेली, जाताना माझ्या हातात यादी देऊन. "आई, हे सगळं बघ आणि फोटो पाठव." प्रत्येक ठिकाणापुढे वेळ घातलेली. दहा ते साडेदहा झिरो माईल, मग किल्ला, मग अजब बंगला म्हणजे इथलं संग्रहालय. स्वतः परीक्षा देत होतीच, माझीही ठेवली होती.

तो कागद तुम्ही वाचलात आणि म्हणालात, "शाळेचा अभ्यास घेऊन फिरून राहिल्या का ताई?" मग माझ्याकडून पेन मागून घेतलंत.

झिरो माईल खोडलंत. विधानभवनाजवळ आहे, तिकडे आज बॅरिकेड अन् मोर्चे, चार घोडे अन् एक खांब, ऑटोतून दिसला की झालं. सीताबर्डीचा किल्ला खोडलात. तो वर्षातून तीनदाच उघडतो, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. अजब बंगला खोडलात, सोमवारी बंद. फुटाळा तलावापुढे "दुपारी जाऊन काय उन्हात बसता का" म्हणून रेघ मारलीत. माझ्या मुलीने तीन रात्री जागून केलेली यादी तुम्ही तर्री पुसता पुसता निकालात काढलीत. मला राग यायला हवा होता. खरं सांगते, डोक्यावरची टोपली उतरल्यासारखं झालं.

एकच ओळ तुम्ही ठेवलीत, दीक्षाभूमी. "हे राहू द्या. हे संध्याकाळी पोरीले घेऊन जा. मी पाच वर्षांचा होतो तवा बापाच्या खांद्यावर बसून गेलो होतो." एवढं बोललात आणि पुन्हा पोहे खायला लागलात. माझ्या मनात तेव्हा बाजारात कोणती भाजी आलीय असलं काहीतरी चाललं होतं. मी नुसतं "हो का?" म्हटलं.

मग म्हणालात, आज सोमवार ना, तर चालत आठवडा फिरून या. आधी शुक्रवारी, मग बुधवारी, मग इतवारी. मला वाटलं थट्टा करताय. ही वस्त्यांची नावं आहेत, पूर्वीच्या बाजाराच्या वारांवरून पडलेली, हे कळायला थोडा वेळ लागला. वाट विचारली तर तुम्ही मान हलवलीत. "रस्त्याचं नाव कोणालेच माहीत नसते इथं. चौक विचारा. अन् लांबचा नका विचारू, पुढचाच विचारा. गोंड राजा बख्त बुलंद शहानं बारा खेडी जोडून वसवलं हे शहर १७०२ मध्ये, सरळ रस्ता कुठून भेटन?"

काका, तो दिवसभर मी एवढंच केलं. पुढचा चौक विचारला, तिथे पोचले, पुन्हा पुढचा विचारला. फोन पर्समध्येच होता.

शुक्रवारी तलावावर, म्हणजे आताच्या गांधीसागरवर, अर्धा तास नुसती बसले. यादीत असता तर दहा मिनिटांत फोटो काढून उठले असते. तिथून गांधी गेट. जुना जुम्मा दरवाजा तो हाच हे तुम्ही सांगितलं होतंत, म्हणून थांबून वर बघितलं. गोंड राजांच्या काळातली कमान, आणि खालून स्कूटरी, हातगाड्या, शाळेची रिक्षा. माझ्यामागे चार जण हॉर्न वाजवायला लागले. पुढे महालात बडकस चौक दोनदा चुकले. दुसऱ्यांदा एका पोराने "हे काय काकू, तुम्ही चौकातच उभ्या आहे न" असं सांगितलं. चुकल्यामुळेच चितारओळीत शिरले. गणपती, देवीचा हंगाम केव्हाच सरलेला. एका दारात गवताचे नुसते सांगाडे भिंतीला टेकून उभे होते, त्यांना माती लागायची होती. शेजारी एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. "बसा न जी," म्हणाल्या. बसले. चिपळूणला पूर येतो ते टीव्हीवर पाहिलं म्हणाल्या, आणि पाणी किती चढतं, सामान कुठे ठेवता, सगळं विचारून घेतलं. माहिती मी काढायची, तर उलट त्यांनीच माझी काढली!

जेवणाचं थोडक्यात सांगते. झणझणीत जेवणाच्या सावजी हॉटेलात गेले. शाकाहारी म्हणून पाटोडी रस्सा मागवला. वाढणाऱ्या मुलाने न मागता पाण्याचा जग आणून ठेवला, तेव्हाच समजायला हवं होतं.

इतवारीत मात्र माझा ताबा सुटला. प्रत्येक धंद्याची वेगळी ओळ! सराफाओळ मी डोळे मिटून पार केली, पण लोहाओळीत अडकले. दुकानदाराने एक लोखंडी कढई बोटावर लटकवली आणि टिचकी मारली. घंटेसारखी वाजली. दुसरी वाजवली, ती बद्द. "हिले बारीक चीर असन कुठं तरी," म्हणाला आणि ती बाजूला फेकली. मग पहिली तराजूत टाकली. नणंदबाईंकडे परतताना, मेट्रोत, आणि संध्याकाळी परीक्षेहून आलेल्या मुलीबरोबर ऑटोत, ती तीन किलोंची कढई माझ्या मांडीवर होती. मुलीने फोटो मागितले. माझ्याकडे एका कढईचा होता.

दीक्षाभूमीला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. चपला काढल्या, कढई चपलांशेजारी ठेवली. स्तूप बाहेरून एवढा भरीव वाटतो, पण आतून सगळा पोकळ, पायांचासुद्धा आवाज येतो. मुलगी दबक्या आवाजात पेपरातला एक प्रश्न सांगत होती, उत्तर तिला येत असून चुकलं होतं, त्याच्या मागच्या पर्यायावर खूण केली वगैरे. बाहेर आल्यावर तिनेच सहज म्हटलं, "चौदा ऑक्टोबर छप्पन, हे विचारलं असतं तर बरं झालं असतं."

तेव्हा मला तुम्ही आठवलात. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या त्या दिवशी पाच वर्षांचे, वडिलांच्या खांद्यावर. लाखो माणसांत एवढ्याशा पोराला खाली कसं सोडणार! मी मुलीला सांगितलं, ती मला म्हणाली, "मग तू त्यांना विचारलं नाहीस, काय दिसलं ते?"

नाही विचारलं काका. "हो का" म्हणाले आणि लिंबू पिळलं.

दुसऱ्या दिवशी गाडी पकडायच्या आधी मी पुन्हा त्या गाडीवर आले होते. दादा म्हणाले, तुम्ही रोज येत नाही, वाटेल तेव्हा येता. पोहे खाल्ले, या खेपेला तर्री वरून घेतली. सांबारही. पंचवीस मिनिटं वाट पाहून निघाले. म्हणून हे पत्र. तुम्हाला कोणी वाचून दाखवलं तर दादांकडे एवढाच निरोप ठेवा, की कोणत्या वारी येता. पुढच्या वेळी यादीत तेवढी एकच ओळ घेऊन येईन.

तुमची,
चिपळूणची ताई

ता. क. माझं निळं पेन तुमच्या स्वेटरच्या खिशात राहिलं आहे. ते मुलीचं परीक्षेचं जादा पेन होतं, त्यावरून मी बोलणी खाल्ली. परत नको, तुम्हालाच राहू द्या.