बीम मीटरवर मोजतेस का गं?

पुणे, ४ जानेवारी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "बीम तू मीटरवर मोजतेस का गं?" मागावर चढवायच्या ताण्याच्या सुताचा तो रूळ मी लांबीवरच मोजते, म्हणून मी हो म्हणाले, तुम्ही गप्प झालात आणि फोन आईकडे गेला. तुमचं ते गप्प होणं मला लागून राहिलं. तीन दिवस कागद पुन्हापुन्हा चाळल्यावर कळलं की माझ्या कामातली मोठी चूक तुम्ही एका प्रश्नात दाखवलीत. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितेय. आई, त्यांना मोठ्याने वाचून दाखव, ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ताण नको.

मी नक्की काय करते ते आधी सांगते. सूत, माणसं, वीज किती लागली आणि माल किती निघाला, यावरून कारखान्यांची तुलना करायची. १९७८ साली चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तिघांनी याची रीत मांडली. तिला डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस म्हणतात. तिच्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की कशाला किती वजन द्यायचं हे वरून कोणी लादत नाही. प्रत्येक कारखान्याला स्वतःच्या सगळ्यात फायद्याची वजनं घेऊ देतात. ती वजनं लावूनही दुसरा कोणी पुढे निघाला, तर मात्र हा खरोखरच मागे आहे.

आई, सुरुवातीला ही रीत शाळांवर वापरली गेली. अमेरिकेत गरीब मुलांसाठी एक योजना होती, तिच्यातल्या आणि बाहेरच्या मिळून ७० शाळा त्यांनी तपासल्या. आत येणाऱ्या गोष्टींमध्ये पहिलीच होती मुलांच्या आयांचं शिक्षण. बाहेर पडणाऱ्यांत वाचन, गणित आणि मुलाला स्वतःबद्दल काय वाटतं, हेही. ते वाचताना मला आपली ओटी दिसली. तू सातवीत शाळा सोडलीस, पण माझे पाढे तूच घेतलेस, चरख्यावर बाण्याच्या सुताच्या कांड्या भरता भरता.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. जुनी रीत कारखान्याकडे बंद पेटीसारखी बघते. एका बाजूने सूत आत, दुसऱ्या बाजूने चादर बाहेर. समजा, दोन कारखान्यांनी १०० किलो सूत घेतलं आणि दोघांची ७२ किलो चादर निघाली. (इतकं सूत वाया जात नाही, हिशेब सोपा व्हावा म्हणून हे आकडे घेतलेत.) बंद पेटीला दोघे सारखेच, दोघेही अव्वल. पेटी उघडली की पहिल्याकडे १०० किलोतून ९० किलोचं बीम आणि त्यातून ७२ किलो चादर. दुसऱ्याकडे बीम ७५ किलोचंच, पण चादर तेवढीच, ७२. म्हणजे पहिल्याची बीमखात्यातली माणसं हुशार आणि दुसऱ्याचे विणकर. प्रत्येक टप्पा त्या टप्प्यातल्या उत्तम कामाशी ताडला, तर पहिल्याला बीममध्ये १ आणि विणण्यात ०.८३ पडतात (त्याचे ७२/९० म्हणजे ०.८०, दुसऱ्याचे ७२/७५ म्हणजे ०.९६, आणि ०.८० भागिले ०.९६), दुसऱ्याला बरोबर उलटे. गुणाकार दोघांचा ०.८३. अव्वल एकही नाही, आणि दोघांनी सुधारायच्या जागा वेगळ्या.

टप्पे उघडून बघण्याच्या या रीतीला नेटवर्क म्हणतात. फेअर आणि ग्रॉसकॉफ यांनी २००० साली त्याच नावाने ती मांडली. पुढे २००८ मध्ये काओ आणि ह्वांग यांनी तैवानच्या २४ विमा कंपन्यांचं काम दोन टप्प्यांत तोडून हाच गुणाकार केला. दोन्ही टप्प्यांत पुरी उतरलेली कंपनी एकही निघाली नाही. त्यांनी एक अट घातली होती, ती तुम्हाला पटेल. मधल्या मालाला पहिल्या टप्प्यात जे वजन लावलं, तेच दुसऱ्यातही लावायचं. देताना एक तराजू आणि घेताना दुसरा, असं चालणार नाही.

पण मी तराजूच चुकीचा घेतला होता. बीम मीटरवर मोजलं की डाईंगमध्ये सूत जळालेलं असो, वार्पिंगला, म्हणजे धागे बीमवर गुंडाळताना, ताण कमी-जास्त झालेला असो, बीमखातं पास. मग धागे तुटतात ते मागावर, माग थांबतो तो विणकराचा, आणि माझ्या गणितात कमी पडतो तोही विणकरच. तुमच्या मालकानेही हेच केलं होतं. मी चौथीत होते. डबा द्यायला आले तेव्हा तुम्ही मागाच्या लोखंडी चौकटीवर खडूने रेघा मारत होतात, धागा तुटला की एक रेघ. दोन बोटांत धाग्याची टोकं धरून गाठ मारायची, फणीतून ओढायचं, माग सुरू करायचा, रेघ मारायची. त्या आठवड्याचा पगार कापला गेला. तुम्ही रेघा दाखवल्यात तर मालक म्हणाले, बीम पूर्ण मीटरचं आहे. घरी येऊन तुम्ही न जेवता झोपलात.

बाबा, त्या रेघा बरोबर होत्या. बुधवारी रात्री मी बीमच्या मीटरशेजारी तुटलेले धागे वेगळा आकडा म्हणून घातले, बीमखात्याच्या नावावर, नको असलेला माल म्हणून. ज्या दोन कारखान्यांचं विणकाम मी कच्चं ठरवलं होतं, ते वर आले आणि त्यांचं बीमखातं खाली गेलं. कारखाने तेच, माणसं तीच. मी बराच वेळ नुसती बसून होते.

आणखी एक. मागावर माल दोन वाटांनी येतो, ताणा म्हणजे उभे धागे बीमवरून आणि बाणा म्हणजे आडवे धागे कांडीवरून. कांडीची वाट माझ्या कागदावर नव्हतीच, कारण बऱ्याच कांड्या घरी भरल्या जातात आणि त्या बायकांचे तास कारखान्याच्या वहीत नसतात. आई, तुझ्यासारख्या बायकांची मेहनत मोजली नाही तर कारखाना उगाच कार्यक्षम दिसतो. मी तो टप्पा घालतेय. त्यासाठी मला तुझ्याकडून हवंय की चरख्यावर तासाला किती कांड्या व्हायच्या, आणि सूत खराब असलं की किती. अंदाज नको, आठवून सांग. शेजारच्या मावशींनाही विचार.

गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला येतेय, १२ तारखेच्या रात्री पोचेन. नंदीध्वज बघायला आपण तिघं जाऊ. बाबा, दुसऱ्या दिवशी तुमचे दोन तास मला द्या. एका पाळीत किती धागे तुटले तर ते बीम चांगलं म्हणायचं आणि कितीनंतर परत पाठवायचं, ते तुम्ही ठरवा. मी तोच आकडा धरणार आहे.

डोळ्यात थेंब वेळेवर घाला. आई, शेंगाचटणी केलीस तर थोडी बाजूला ठेव.

तुमची,
थोरली